कंपनीच्या मंजुऱ्या व्हॉट्सॲपवर घ्याव्यात की कागदावर?

प्रश्न : जमाखर्च_वणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी लेखापालाचे काम पाहतो. आम्ही सभासदांकडून सोयाबीन, तूर आणि हरभरा खरेदी करतो. खरेदीचा भाव, गाडीभाडे, बारदाना (पोती), चुकारे (मालाचे पैसे देणे), संचालकांची मंजुरी आणि सभासदांच्या तक्रारी हे सारे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते. सकाळी बारदाना खरेदीचा प्रस्ताव ग्रुपवर पडतो, त्यावर कोणी अंगठा दाखवतो, कोणी हात जोडतो, कोणी नुसते पाहून सोडून देतो आणि संध्याकाळी त्यालाच सर्वांची संमती समजून रक्कम देण्याचा निरोप माझ्याकडे येतो. लेखापरीक्षक ठराव मागतात, तेव्हा माझ्याजवळ दाखवायला फक्त अंगठे असतात. शिवारात रेंज नसल्यामुळे काही संचालकांना तर प्रस्ताव आल्याचे रात्री घरी पोहोचल्यावरच कळते. ई-मेल सुरू करू या असे मी सुचवले, पण ई-मेल उघडतो कोण, असा उलट प्रश्न आला. कोणते काम ग्रुपवर ठेवावे आणि कोणते तिथून काढावे?

प्रतिसाद : ठराववही

उत्पादक कंपन्यांसाठीच्या तरतुदी 2020 च्या दुरुस्तीनंतर कंपनी अधिनियम, 2013 मध्येच प्रकरण 21-अ म्हणून आल्या आहेत. त्यांनुसार संचालक मंडळाची सभा दर तीन महिन्यांत किमान एकदा आणि वर्षात किमान चार वेळा व्हावी लागते. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते आणि त्याहून कमी मुदत द्यायची असल्यास कारण लेखी नोंदवावे लागते. सभेचे इतिवृत्तही तीस दिवसांच्या आत वहीत उतरले पाहिजे. या मुदतीला पुष्कळ लोक सरकारी दिरंगाई म्हणतात, परंतु प्रस्ताव वाचून, दुसऱ्या व्यापाऱ्याचा दर विचारून, घरी हिशेब मांडून मग 'नाही' म्हणण्याची संधी संचालकाला त्या सात दिवसांतच मिळते. ग्रुपवर पहिले तीन अंगठे पडले की चौथ्या माणसाला नकार देणे जड जाते, आणि आपल्या गावांत तर संचालक एकमेकांचे सोयरेच असतात. सभेची सूचना व्हॉट्सॲपवरही खुशाल पाठवा, पण मंजुरी तिथे घेऊ नका.

प्रतिसाद : कापूसपट्टा

वरील मत मान्य असले तरी शेतीतील प्रत्येक निरोप सात दिवस थांबू शकत नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीचे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले की उपाययोजनेची पातळी ओलांडली असे मानतात, आणि अशा वेळी एका शेतकऱ्याने टाकलेला डोमकळीचा (अळीमुळे नीट न उमललेल्या फुलाचा) फोटो शेजारच्या दहा जणांना त्याच दिवशी शेतात घेऊन जातो. हे काम पत्र करू शकणार नाही.

मात्र ग्रुपवर टाकले म्हणजे कळवले, हा समज घातक आहे. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यावी लागत असे, तेव्हा पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचे फोटो लोकांनी गावच्या ग्रुपवर टाकले आणि विमा कंपनीकडे, बँकेकडे किंवा कृषी कार्यालयाकडे रीतसर सूचना द्यायची राहून गेली, असे आमच्या भागात घडले आहे.

प्रतिसाद : घरूनकाम_वर्धा

मी गावात राहून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम करतो. ई-मेलमुळे सगळे सुधारेल या भ्रमात राहू नये, कारण ई-मेलवरही 'ठीक आहे' एवढेच लिहून मोकळे होता येते. प्रस्ताव मांडणाऱ्याने एक पान लिहावे : काय घ्यायचे, कोणाकोणाकडून दर आले, त्यांतला हाच का निवडला आणि उत्तर कधीपर्यंत हवे. ज्याला असे पान लिहिता येत नाही, त्याचा प्रस्ताव बहुधा तयारच झालेला नसतो. ते पान कार्यालयातील फाइलमध्ये लावावे आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. बोलून पाठवलेल्या निरोपांचे सार कोणीतरी लिहून काढलेच पाहिजे, कारण सहा महिन्यांनी ते ऐकत बसण्याइतका वेळ कोणाकडेही नसतो. शिवाय पाठवलेला संदेश सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोय 2017 पासून आहे, हे लेखापालाने विसरू नये.

प्रश्नकर्ता : जमाखर्च_वणी

सर्वांचा आभारी आहे. अडचण एवढीच उरते की गाडी खरेदीदाराच्या काट्यावर उभी असते, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला म्हणून तो दर पाडून मागतो, आणि चालक भाड्याचा तगादा लावून बसलेला असतो. अशा वेळी सात दिवस कुठून आणावेत?

प्रतिसाद : ठराववही

ते सात दिवस हंगामापूर्वीच वापरून घ्यावेत. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो आणि त्याला किती अधिकार द्यायचे हे संचालक मंडळ ठरवू शकते. खरेदी सुरू होण्याआधीच्या सभेत ठराव करा की ओलाव्याच्या प्रत्येक जादा टक्क्यामागे दरात अमुक रकमेपर्यंत घट तो स्वतः मान्य करील, त्यापलीकडे मात्र अध्यक्षांशी फोनवर बोलून त्याच दिवशी लेखी टिपण ठेवील. मग काट्यावरून ग्रुपवर येईल ती केवळ माहिती असेल आणि तिच्याखाली कोणी अंगठा दाखवला किंवा न दाखवला, तरी तुमच्या वहीला फरक पडणार नाही. ठरावाची सही केलेली प्रत मात्र पहिला चुकारा काढण्याआधी स्वतःच्या फाइलमध्ये लावून घ्या.