लॅपटॉप रडतखडत चालतोय, फुकटातली कोणती सॉफ्टवेअरं वापरू?

उंबरठा७
२०१७ चा लॅपटॉप, विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं काही करता येत नाही, नंतरही वर्डमध्ये टाइप करताना मध्येच सगळं गोठतं. टास्क मॅनेजर डिस्क १००% दाखवतो. सी ड्राइव्हवर ११ जीबी शिल्लक. दुकानदार म्हणतो सरळ फॉरमॅट मारा. युट्यूबवाले रजिस्ट्री साफ करणारी, रॅम मोकळी करणारी दहा सॉफ्टवेअरं सांगतात. पैसे न भरता काय करावं आणि कुठल्या क्रमाने? जुनी मराठी कागदपत्रं बरीच आहेत, ती जाता कामा नयेत.

खटपट्या
क्लीनर आणि फॉरमॅट, दोन्ही थांबवा. आधी डिस्क मरायला टेकलीय का ते बघा. टास्क मॅनेजर > परफॉर्मन्स > डिस्क इथे ती १०० वर असताना ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ वाचा. डिस्क नुसती कामात असेल तर आकडा दहा-वीसपासून शे-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो. सतत हजारांत असेल आणि वाचण्याचा वेग काही केबी किंवा शून्यच दिसत असेल, तर ती एखाद्या खराब जागेवर अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. तेवढा वेळ विंडोज ताटकळतं, आणि आपल्याला वाटतं व्हायरस आला.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) घ्या, झिपवालं घ्या म्हणजे इन्स्टॉल करायला नको. डाउनलोडच्या पानावर जाहिरातींचीही हिरवी बटणं असतात, ती टाळा. उघडल्यावर चार ओळी बघा: ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचता न आल्याने लटकलेले), सी६ (दुरुस्त न होणारे) आणि सी७ (केबलमधून डेटा येताना झालेल्या चुका). नुसता सी७ वाढत असेल तर डिस्क ठीक असू शकते, तिची जोडणी सैल किंवा केबल खराब असते. आकडे इथे टाका.

उंबरठा७
वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ लिहिलंय. ०५ समोर शून्य, सी५ समोर १८, सी६ समोर १८, सी७ शून्य. रिस्पॉन्स टाइम मधूनच ४०००-५००० होतो.

खटपट्या
ते १८ म्हणजे अठरा नव्हे. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पायात दाखवतं, तिथला १८ म्हणजे १×१६+८, म्हणजे तुमचे चोवीस सेक्टर लटकलेत. (फंक्शन > ॲडव्हान्स्ड फीचर > रॉ व्हॅल्यूज मध्ये दहाचा पाया निवडता येतो.) चोवीस म्हणजे फार नाहीत, पण हा आकडा स्थिर राहील याची हमी नसते.

आता हे करू नका: डीफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे जुळवणं) आणि चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीचा ‘आर’वाला प्रकार. ‘आर’ सगळी डिस्क सेक्टर-सेक्टर तपासतो. आधीच दमलेल्या डिस्कला तासन् तास राबवायचं आणि त्यात ती गेली तर डेटाही गेला.

पहिलं काम कॉपी, दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर. साध्या कॉपी-पेस्टला खराब फाइल लागली की ते अडून बसतं. फ्रीफाइलसिंक (फाइल कॉपी करणारं फुकट सॉफ्टवेअर) घ्या, त्यात चुका दुर्लक्षित करायची सोय आहे. शेवटी कुठल्या फाइल राहिल्या ते कळतं. विंडोजमधलं रोबोकॉपी (कमांड टाइप करून चालवायचं कॉपीचं साधन) वापरणार असाल तर एक खाच आहे. ते न वाचता आलेल्या प्रत्येक फाइलसाठी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं, असं दहा लाख वेळा! म्हणून तिरप्या रेघेसह आर:१ आणि डब्ल्यू:१ द्यायचंच. आतल्या फोल्डरांसाठी ई, आणि यूजर फोल्डरच घेत असाल तर एक्सजे. तो नसेल तर ‘ॲप्लिकेशन डेटा’ स्वतःच्याच पोटात शिरत राहतो. (अक्षरं अर्थातच रोमनमध्ये टाका.)

महत्त्वाचं आधी, सिनेमे शेवटी.

बोरूबहाद्दर
मराठी कागदपत्रांबद्दल एक राहिलं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर नुसत्या वर्ड फाइल वाचवून भागणार नाही. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की ‘महोदय’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ फोल्डर आख्खा कॉपी करून ठेवा, पाव-अर्धा जीबी गेला तर जाऊ दे. टॅली असेल तर त्याचा डेटा बहुधा यूजर फोल्डरच्या बाहेर असतो, टॅलीतच डेटा पाथ बघून तो फोल्डर घ्या. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट कॉपी करून ‘बॅकअप झाला’ म्हणू नका, त्यात फाइल नसते.

डोंगरवाट
क्लोनिंग (आख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करून एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) टाकली तर पुन्हा सगळं बसवायचा त्रास वाचेल ना? क्लोनझिला फुकट आहे.

खटपट्या
निरोगी डिस्क असती तर हेच सांगितलं असतं. इथे दोन अडचणी. क्लोनझिला डिस्कवरून डिस्कवर नेताना नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी लागते, म्हणजे ५०० जीबीच्या एसएसडीवर थेट जमणार नाही. दुसरं, वाचताना चूक आली की ते थांबतं. एक्स्पर्ट मोडमध्ये ‘रेस्क्यू’ पर्याय लावला तर पुढे सरकतं, पण जिथे वाचता आलं नाही तिथे रिकामी जागा येते. ती विंडोजच्या एखाद्या फाइलमध्ये आली तर नव्या एसएसडीवर जुनंच दुखणं.

तेव्हा २.५ इंची साटा एसएसडी (जाडी ७ मिमी), ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, आणि कोरं विंडोज. लायसन्स डिजिटल असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. इन्स्टॉल करताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आधीचीच एडिशन (होम किंवा प्रो) टाका, इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेट होतं.

टर्मिनल_तात्या
पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१७ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा असतो त्या सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला जवळपास सरसकट विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. टॅली नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम बघा. रूफस या छोट्या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करताच चालवता येतं. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड त्यात असतोच.

रजिस्ट्री क्लीनरबद्दल: त्याने वेग वाढत नाही, ते वापरा असं मायक्रोसॉफ्टही सुचवत नाही. आणि २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच कोणीतरी मालवेअर घुसवलं होतं, अधिकृत डाउनलोडमध्ये! जागाच हवी असेल तर कशाने किती जागा खाल्लीय ते दाखवणारं विझट्री लावा. ते एनटीएफएसची (विंडोज डिस्कवर फाइल मांडते ती पद्धत) फाइल-यादी थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत चित्र समोर. पण त्यात हायबरनेशनची फाइल मोठी दिसली म्हणून हाताने उडवू नका, हायबरनेशन बंद केलं की ती आपोआप जाते. सुरुवातीला काय काय चालू होतं ते मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्स या फुकट साधनात बघा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, बाकीच्यांची नुसती टिक काढा. डिलीट नको. टिक परत लावता येते.

उंबरठा७
कॉपी झाली, फ्रीफाइलसिंकने सहा फाइल वाचता आल्या नाहीत म्हणून दाखवल्या, सगळे जुने फोटो. एसएसडी मागवतोय. जुनी डिस्क नंतर बाहेरच्या डब्यात घालून वापरता येईल का?

खटपट्या
ते सहा फोटो हवे असतील तर आधी डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचून डेटा काढणारं लिनक्सचं साधन) चालवून बघा, कारण पुढच्या पायरीनंतर काही उरणार नाही. मग डिस्क यूएसबी डब्यात घाला आणि फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढा. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं, १ टीबीला तीन तास किंवा जास्त. लिहिताना डिस्क प्रत्येक लटकलेल्या सेक्टरचा निकाल लावते: नीट लिहिलं गेलं तर तो परत वापरात, नाही तर राखीव जागेतला सेक्टर त्याच्या जागी.

नंतर परत क्रिस्टलडिस्कइन्फो. सी५ शून्य आणि ०५ पण शून्यच, तर सिनेमे ठेवायला चालेल. ०५ वाढला असेल तर आणखी एकदा पूर्ण फॉरमॅट करा. दुसऱ्या फेरीतही तो चढला तर ई-कचऱ्यात द्या.