मुलीच्या दातांवरचे पिवळट-तपकिरी डाग : रेझिन, काँपोझिट की व्हेनिअर?

नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. माझी मुलगी अकरावीत आहे. वरच्या पटाशीच्या दोन्ही दातांवर, कायमचे दात आले तेव्हापासूनच, पिवळट-तपकिरी डाग आहेत. उजव्या दातावरचा डाग मसुराच्या दाण्याएवढा असून त्याची कड अगदी रेखीव दिसते. खालच्या पहिल्या दाढेचा कोपरा भाकरी खाताना तुटला आहे, आणि गार पाणी लागले की तिथे कळ येते.

सुरुवातीला एका दवाखान्यात हे फ्लोरोसिस (पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग) असल्याचे सांगण्यात आले, ते मला पटले नाही. मुलगी जन्मापासून मोरबे धरणाचे पाणी पिते, तर फ्लोरोसिस मुख्यतः यवतमाळ-चंद्रपूरसारख्या भागांत बोअरच्या पाण्यातून होतो; शिवाय त्यात डाग सहसा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि पुसट कडांचे असतात. पुढे बालदंततज्ज्ञांनी तपासून मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन असे निदान केले. पहिल्या दाढा आणि पुढचे दात यांचे इनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) साधारणपणे जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घट्ट होते. त्या काळात काही बिघडले तर थराची जाडी पुरेशी असूनही त्यात खनिजे कमी राहतात, आणि असा सच्छिद्र थर चावताना तुटतो. इनॅमल पुन्हा तयार होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. (लिंबू-मीठ चोळण्याचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना कसे सांगावे, हा वेगळाच प्रश्न आहे.)

दाढेला कॅप बसवायची हे ठरले आहे. अडचण पुढच्या दातांची आहे. एका ठिकाणी एकाच बैठकीत ब्लीचिंग सुचवले, पण सच्छिद्र इनॅमलमधून ब्लीचिंगचे रसायन (पेरॉक्साइड) आत उतरून झिणझिण्या वाढण्याची शक्यता असते, म्हणून मी ते तूर्त बाजूला ठेवले आहे. व्हेनिअरसाठी (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) दात बहुधा अर्धा मिलिमीटर घासावा लागतो, आणि तो घासला की परतीचा मार्ग नसतो. या वयात हिरड्यांची कडही स्थिरावलेली नसते, त्यामुळे अठरा वर्षांनंतरच त्याचा विचार करावा, असे मला वाटते. रेझिन इन्फिल्ट्रेशनमध्ये पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा थर उघडून पातळ रेझिन (नंतर घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य) आत मुरवतात. उथळ पांढऱ्या डागांवर ते चांगले लागू पडते, खोल तपकिरी डागांवर मात्र परिणामाची खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. काँपोझिटमध्ये (दाताच्या रंगाचे भरण) दात फारसा घासावा लागत नाही; मात्र चहा-हळदीने त्याचा रंग बदलतो आणि मधूनमधून पॉलिश करून घ्यावे लागते.

ज्यांच्या मुलांना अशाच तपकिरी डागांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन केले आहे, त्यांनी डाग कितपत फिका पडला आणि पुढे तो पुन्हा उठून दिसू लागला का, हे कृपया लिहावे. कमकुवत इनॅमलवर काँपोझिट नीट चिकटत नाही असेही वाचनात आले. तर ते किती वर्षे टिकले, आणि कडेला फट पडली का? ठाणे-नवी मुंबईत हे काम नियमित करणारे बालदंततज्ज्ञ माहीत असल्यास मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. खर्चाचा अंदाजही द्यावा, कारण दोन दवाखान्यांच्या आकड्यांत दुपटीचा फरक आहे आणि साहित्याचा दर्जा कसा ओळखायचा, हे आम्हाला समजत नाही.