सेल्फ फिरतोय पण एकाही प्लगला स्पार्क नाही, कुठून सुरुवात करू?

तेलकट_हात:
जुनी कार्बोरेटरवाली ४ सिलिंडर पेट्रोल गाडी आहे, डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) आत पिकअप कॉईल (स्पार्क कधी पाडायचा याचा सिग्नल देणारी) असलेली, जुन्या पद्धतीचे पॉइंट नाहीत. काल चालता चालता बंद पडली. सेल्फ जोरात फिरतो, प्लग काढले तर चारही पेट्रोलने ओले, म्हणजे पेट्रोल येतंय. नवीन प्लग टाकले, स्पार्क शून्य. त्याआधी आठवडाभर ऍक्सिलरेटर दाबला की मधेच झटका खायची, सोडला की ठीक, मी कार्बोरेटर साफ करत बसलो. आता सगळे म्हणतायत इग्निशन कॉईल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदल. बदलू का?

चौथा_गिअर:
थांबा हो, कॉईल नंतर. आधी मधली जाड वायर जी कॉईलमधून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला (झाकणाला) जाते ती कॅपमधून काढा, तिला स्पार्क टेस्टर लावा, टेस्टर इंजिनला नीट अर्थ करा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. तिथे स्पार्क आला तर कॉईल निर्दोष, दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) नाहीतर प्लग वायरमध्ये. वायर हातात धरू नका, २०,००० व्होल्टच्या वर जातं ते. नुसती लटकत ठेवूनही सेल्फ मारू नका, करंटला वाट मिळाली नाही की कॉईल किंवा मॉड्यूल (कॉईलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आतून जातं. आणि प्लग काढलेले असताना भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, ठिणगी तिथून लांब ठेवा.

रेंच_आणि_मी:
माझ्याकडे असंच झालेलं, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) खराब निघाला. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर तोच समजा.

चौथा_गिअर:
ते ईसीयूवाल्या (इंजिन कॉम्प्युटरवाल्या) गाड्यांचं, भाऊ. यांच्या गाडीत ते काम डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉईल करते.

तेलकट_हात:
मधल्या वायरलाही स्पार्क नाही. कॅप काढून सेल्फ मारला, रोटर फिरतोय, म्हणजे त्याला फिरवणारा टायमिंग बेल्ट शाबूत.

चौथा_गिअर:
छान, बेल्टचं मी विचारणारच होतो. आता टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक अर्थला, दुसरं कॉईलच्या प्लसला, चावी ऑन करून बघा आणि सेल्फ मारतानाही बघा, कारण काही वेळा इग्निशन स्विच असा खराब होतो की ऑनला करंट देतो आणि नेमका सेल्फ मारताना तोडतो. मग लॅम्पचं पहिलं टोक बॅटरीच्या प्लसला लावून दुसरं कॉईलच्या मायनसला टेकवा आणि सेल्फ मारा. लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय तरी स्पार्क नाही, तर मग खुशाल कॉईल बदला.

तेलकट_हात:
प्लसला दोन्ही वेळा पेटला. मायनसला काहीच नाही, एकदाही लुकलुकला नाही.

पाना_दहाबारा:
मग कॉईलला कोणी स्पार्क सोडायला सांगतच नाहीये, ती बिचारी काय करणार. मॉड्यूल किंवा पिकअप. पण तुमची पहिली पोस्ट परत वाचली, ऍक्सिलरेटर दाबला की झटका. व्हॅक्यूम ऍडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने स्पार्कची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) पिकअपची प्लेट दरवेळी थोडी सरकते आणि तिच्या दोन बारीक वायरी तितक्याच वेळा वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा, वायरी शाबूत असतील तर काहीशे ओहमच्या आसपास दाखवेल, मग प्लेट हाताने सरकवून वायरी हलवत बघा.

तेलकट_हात:
बरोब्बर!! स्थिर असताना मीटर काहीच दाखवेना, एक वायर अशी दाबून धरली की आकडा येतो, सोडली की गायब. कॉईलचे पैसे वाचले.

पाना_दहाबारा:
जोडताना कडक वायर टाकू नका, महिन्यात परत तुटेल. बारीक तारांची मऊ वायर घ्या, थोडी ढील ठेवा, रोटरला घासणार नाही अशी बांधा. सोल्डरचा जोड वाकणाऱ्या जागी येऊ देऊ नका.

तेलकट_हात:
झालं, पहिल्या सेल्फला चालू, झटकाही गेला. फक्त प्लेटचा एक छोटा स्क्रू हरवलेला, तासभर इंजिनखाली टॉर्च घेऊन शोधला, शेवटी कॅप लावायच्या आधी दिसला, पिकअपच्याच मॅग्नेटला चिकटून बसला होता.