मदत हवी आहे: पुराच्या निवारा केंद्रात बायका-मुलींसाठी काय तयारी ठेवावी?

नमस्कार मंडळी, मी शिरोळ तालुक्यातली. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात आलं तेव्हा आम्ही आठ दिवस एका शाळेत होतो, २०२१ च्या जुलैत परत तेच. खाण्यापिण्याचं काही कमी पडलं नाही, बिस्किटांचा तर ढीग होता, पण पाळीचं काय हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बायकांनी जुन्या साड्या फाडून वापरल्या, आणि त्या धुवून वाळवायच्या कुठं, सगळीकडं पाऊस नाहीतर माणसं. संडास दोनच, तेही मैदानाच्या टोकाला अंधारात, म्हणून पोरी दुपारनंतर पाणीच प्यायच्या नाहीत, दोघींना लघवीची जळजळ सुरू झाली. जावेला सातवा महिना होता, तिच्या गोळ्या आणि कार्ड घरातच बुडालं.

यंदा आमचा बचत गट आधीच तयारीला लागलाय. वाचलं की २० माणसांमागं एक संडास हवा, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी आणि उजेड पाहिजेच. पण हे ग्रामपंचायतीकडून करून कसं घ्यायचं? पॅड द्यावेत की सुती कापड, आणि वापरलेले पॅड पाण्यात वेढलेल्या गावात टाकायचे कुठं? आशाताईंकडून गरोदर बायकांची यादी घेतोय, पण रस्ता बंद झाला आणि १०८ पोचली नाही तर बोटीची सोय आधी कुणाशी बोलून ठेवायची? मुलींना कुणी त्रास दिला तर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे नंबर भिंतीवर लिहिणारच आहोत, पण रेंज गेल्यावर काय?

कुणी सांगली-चिपळूणकडं असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, नदी चढायच्या आत सगळं उरकायचंय.