गुगलवर 'अविश्वास' म्हणजे नक्की काय ओ? (खटला, दावा, मक्ता, मांडवली वगैरे)

मिरजकर:
काल एका न्यूज ॲपवर हेडिंग होतं, 'गुगलविरुद्धच्या अविश्वास खटल्यात न्यायालयाचा निर्णय'. वडिलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, गुगलवर अविश्वास ठराव कुणी आणला आणि किती सदस्य फुटले? मला हसू आलं पण उत्तर देता येईना. हा 'अविश्वास' आला कुठनं? आणि खटला म्हणायचं का दावा म्हणायचं का सरळ केस म्हणायचं? जाणकारांनी सांगा.

माहुलीकर:
वडील बरोबर बोलले रे. मराठी माणसाला अविश्वास म्हटलं की सरपंच, सभापती, फुटलेले सदस्य आणि सहलीला नेलेली बस एवढंच आठवतं. हा 'अविश्वास' मशीननं केलाय, नाहीतर हिंदीवरनं उचललाय. इंग्रजीत त्याला अँटीट्रस्ट म्हणतात, मशीनला ट्रस्ट म्हणजे विश्वास एवढंच ठाऊक, अँटी लागलं की झाला अविश्वास.

पण तो ट्रस्ट आपल्या देवस्थान ट्रस्टमधला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत तेल, साखर असल्या धंद्यातल्या कंपन्यांनी आपापले शेअर मोजक्या विश्वस्तांच्या हातात दिले, म्हणजे कंपन्या नावाला वेगळ्या आणि सगळा कारभार एका हाती, भाव ते ठरवणार, कुणाला बुडवायचं ते ठरवणार. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल ह्यात सगळ्यात गाजलेली. हे मोडायला १८९० ला शर्मन कायदा आला आणि १९११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले, ३४ कंपन्या झाल्या. तर तो कायदा ट्रस्टच्या विरोधातला, कुणाच्या विश्वासाच्या विरोधातला नाही.

आपल्याकडं ह्याला चांगला दणकट शब्द आहे, मक्तेदारी. १९६९ चा एमआरटीपी कायदा आला तेव्हा पेपरवाले मक्तेदारीचाच कायदा म्हणायचे, कुणाला अडलं नाही. नंतर २००२ च्या कायद्यात 'स्पर्धा' आली आणि स्पर्धा आयोग झाला. आता इकडं पोरांना स्पर्धा आयोग म्हटलं की एमपीएससीच वाटतं, त्याला काय करणार.

आणि मक्ता हा शब्द बघ जरा नीट. ठरलेली रक्कम आधी मोजायची आणि एखादी वसुली किंवा धंदा एकट्यानं करायचा हक्क घ्यायचा, तो मक्ता. आठवडी बाजाराच्या वसुलीचा मक्ता, नदीवरच्या नावेचा मक्ता. मक्तेदार आपल्या गुणांवर एकटा नसतो, पैसे मोजून एकटा असतो. गुगलच्या केसमध्ये नेमकं हेच बाहेर आलं! मोबाईलवर, ब्राउझरवर आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गुगलनं २०२१ ला सगळ्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले, आणि २०२२ ला एकट्या ॲपलला २० अब्ज. नावेचा मक्ता घेतल्यासारखंच झालं, नदी कुणाचीबी असो, पलीकडं जायचं तर ह्याच्याच नावेतनं. 'एकाधिकार' म्हटलं तर ही पैसे मोजायची भानगड दिसत नाही, 'मक्तेदारी'त दिसते. म्हणून माझं मत मक्तेदारीला. मक्तेदारीविरोधी दावा.

वकील, कराड:
माहुलीकर, शेवटचा शब्द बरोबर लिहिलात म्हणून बरं वाटलं, नाहीतर पेपरवाल्यांनी सगळंच खटला करून ठेवलंय. आमच्याकडं कोर्टात फरक असा की दिवाणीत दावा, तिथं वादी आणि प्रतिवादी. फौजदारीत खटला, तिथं फिर्यादी आणि आरोपी. गुगलवर अमेरिकन सरकारनं २० ऑक्टोबर २०२० ला लावला तो दिवाणी, म्हणजे दावा. त्यात गुगल आरोपी नाही, प्रतिवादी आहे. 'आरोपी गुगल' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, असं वाटतं आता सुंदर पिचाईंना बेड्या घालूनच आणणार. प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्याला कैफियत म्हणतात. किती सुरेख शब्द आहे, तोपण पेपरातनं गेला.

आणि हायकोर्टात, सुप्रीम कोर्टात सरकारी कामाविरुद्ध जाते ती याचिका. ईव्हीएमच्या सगळ्या पावत्या मोजा म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेली ती याचिका होती, २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. तिलापण 'ईव्हीएम खटला' म्हणणारे भेटतात.

तासगावकर:
आमच्याकडं खटलं म्हणजे बायकापोरं बरं का. 'खटलं घेऊन आलाय जत्रंला' असं म्हणत्यात. आणि मोठं एकत्र कुटुंब असलं की खटल्याचं घर. वकीलसाहेबांच्या कोर्टात असली दोन्हीकडची खटली रोज येत असतील 😄

बाकी मला एक सांगा, तारीख बघितली का? २० ऑक्टोबर २०२० ला दावा आणि ३ नोव्हेंबरला तिकडं मतदान. दोन आठवडे आधी. हे दावे निवडणूक आली की कसे काय निघतात?

माहुलीकर:
तासगावकर, मला ह्यावरच बोलायचं होतं. दाव्यात वादी कोण ते बघायचं. वादी 'सरकार' असलं की तो वादी दर चार वर्षांनी बदलू शकतो, आणि खटला खटला म्हणत बसलं की हे दिसतच नाही.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण घे. १९९८ च्या मे महिन्यात क्लिंटन सरकारनं दावा लावला, विंडोजच्या जोरावर स्वतःचा ब्राउझर लोकांच्या गळ्यात मारता म्हणून. जून २००० ला न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करा म्हणून हुकूम दिला. नोव्हेंबर २००० ला निवडणूक झाली, बुश आले. जून २००१ ला अपील कोर्टानं तुकड्यांचा हुकूम रद्द केला, पण मक्तेदारीचा बेकायदा वापर केला हा ठपका बराचसा तसाच ठेवला, म्हणजे सरकारच्या हातात दावा जिवंत होता. सप्टेंबरात बुश सरकारनं जाहीर केलं की आम्ही तुकडे मागणारच नाही, नोव्हेंबरात तडजोड. वादी तोच, 'अमेरिकन सरकार', पण आतला माणूस बदलला आणि मागणी मऊ पडली. ह्याला कायद्याचा विजय म्हणणाऱ्यांनी म्हणावं, मी म्हणणार नाही.

आता गुगलचं उलट. दावा लावला ट्रम्प यांच्या सरकारनं, चालवला बायडेन यांच्या सरकारनं, ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगल मक्तेदार आहे असा निकाल दिला, आणि पुढं काय करायचं ह्याची सुनावणी झाली परत ट्रम्प आल्यावर. (मेहतांचा जन्म पाटणचा. गुजरातमधलं पाटण, आपलं कोयनेकाठचं नव्हे, लगेच सत्काराची तयारी करू नका.) दोन्ही पक्षांच्या सरकारांनी क्रोम विका अशीच मागणी धरून ठेवली. २ सप्टेंबर २०२५ ला मेहतांनी क्रोम विकायला नाही लावलं, फक्त एकट्यासाठीचे करार बंद केले आणि काही डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितला, एआयमुळं बाजार बदललाय असंही लिहिलं. गंमत म्हणजे सरकार म्हणालं आम्ही जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी गुगलचा शेअर उसळला. दोघांचाही गुलाल! जिल्हा परिषदेच्या निकालालापण असं बघायला मिळत नाही.

तर निवडणुकीच्या तोंडावर दावा लावला म्हणजे तो खोटा असतो असं नाही, मी तसं म्हणत नाही. कागदपत्रं खरी निघाली. पण दावा कधी लावायचा आणि कधी मिटवायचा ह्यात राजकारण असतंच, आणि मला लावण्यापेक्षा मिटवण्यात जास्त वास येतो.

मिरजकर:
मिटवण्यात म्हणजे? तडजोड वाईट असते का?

माहुलीकर:
तडजोड वाईट नाही. मांडवली वाईट.

हे बघ. ६ जानेवारी २०२१ ला निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून तिथल्या संसदेत जमाव घुसला, मग फेसबुक, ट्विटर, यूट्यूबनं ट्रम्प यांची खाती बंद केली. जुलै २०२१ ला ट्रम्प यांनी तिघांवर दावे ठोकले. ट्विटरवरचा तर मे २०२२ ला कोर्टानं फेटाळलाच, ते अपिलात गेले. म्हणजे कंपन्यांची बाजू बरी चालली होती. मग नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प परत निवडून आले. २० जानेवारी २०२५ ला शपथविधीला झुकरबर्ग, बेझोस, पिचाई सगळे हजर, आणि महिना संपायच्या आत मेटानं, म्हणजे फेसबुकच्या कंपनीनं, अडीच कोटी डॉलर देऊन दावा मिटवला, त्यातले २ कोटी २० लाख ट्रम्प यांच्या नियोजित लायब्ररीला. फेब्रुवारीत ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, साधारण एक कोटी. सप्टेंबरात यूट्यूबनं २ कोटी ४५ लाख, त्यातला मोठा हिस्सा व्हाइट हाऊसमधल्या नव्या हॉलला.

जिंकत आलेला दावा माणूस पैसे देऊन का मिटवतो? समोरचा दुबळा वादी होता तोवर लढले, तो सत्तेवर आला तेव्हा पाकीट काढलं. मराठीत ह्याला तडजोड म्हणत नाहीत.

वकील, कराड:
माहुलीकर, जरा दमानं. मांडवली हा शब्द कोर्टाबाहेरचा, टपरीवरचा आहे, त्यात तिसरा माणूस मध्ये असतो आणि कागद नसतो. इथं रक्कम जाहीर आहे, कोर्टात कागद दाखल आहे. आमच्याकडं दोन्ही बाजू मिटवतात तेव्हा तडजोड पुरसीस देतात, दोघांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, साहेब वाचतात, दोघांना कबूल आहे का विचारतात, मग दावा निकाली. कायद्याच्या भाषेत ही तडजोडच. तुम्हाला हेतूबद्दल शंका असेल तर तसं लिहा, शब्द बदलून हेतू सिद्ध होत नाही.

शिवाय तुमच्या गोष्टीत एक अडचण आहे. मेटानं अडीच कोटी दिले तरी सरकारच्या व्यापार आयोगानं इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप विकत घेतल्यावरनं २०२० ला लावलेला दावा मागं घेतला नाही. एप्रिल २०२५ ला त्याची सुनावणी सुरू झालीच. नोव्हेंबर २०२५ ला मेटा जिंकलं, पण ते न्यायाधीशांच्या निकालानं. मांडवली असती तर सुनावणीला उभंच राहायला नको होतं.

माहुलीकर:
वकीलसाहेब, पुरसीस शब्द मान्य, लई आवडला, वहीत लिहून ठेवतो. पण कागद स्वच्छ असला म्हणून व्यवहार स्वच्छ होत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पैसे दिले आणि काम झालं नाही, तरी पैसे कशासाठी दिले हा प्रश्न उरतोच की. मी मांडवलीच म्हणणार, तुम्ही तडजोड म्हणा. वाचणाऱ्याला दोन्ही शब्दांतला फरक कळला तरी पुरे.

शाहूनगरची ताई:
तुम्ही सगळे अमेरिकेत फिरताय आणि सातारच्या लोकांना शब्दानं काय होतं ते सांगायला लागतंय का? २०२४ ची लोकसभा विसरला का? शरद पवारसाहेबांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं, त्याचं मराठी नाव लिहिलं काय तर तुतारी! चित्र बघितलं तर सरळ पिपाणी. आमच्या इथं एका अपक्षाला ते मिळालं, त्याला ३७,०६२ मतं पडली, आणि उदयनराजे पवारसाहेबांच्या उमेदवाराला हरवून निवडून आले ३२,७७१ मतांनी. ती सगळी मतं चुकूनच गेली असं मी म्हणत नाही, कुणी सिद्ध पण करू शकत नाही, पण आमच्या शेजारच्या आजी मतदान करून आल्या आणि ठसक्यात सांगत होत्या, 'तुतारीच दाबली, ती बारकी होती ती.' आता बोला.

तुतारी ही वाकडी, शिंगासारखी, लग्नात आणि पालखीपुढं वाजते. ट्रम्पेट बँडवाल्याकडं असतं. इथल्या कुठल्याही बँडवाल्याला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. यादी करणाऱ्यानं विचारलं नाही.

तासगावकर:
ताई, ह्या एका शब्दावर निवडणूक फिरली असं आमच्याकडंपण लोक म्हणायचे. सांगलीत तर तेव्हा तिसरंच चाललेलं, अपक्ष विशाल पाटील निवडून आले, तिथं चिन्ह लोकांनी नीट पाठ केलेलं.

मिरजकर:
आणखी दोन शब्द विचारतो मग गप बसतो. गुगलच्या बातमीत 'रेमेडी' आलं होतं, पेपरनं 'उपाय' लिहिलं, ते औषधासारखं वाटतं. आणि भारतात स्पर्धा आयोगानं २०२२ ला गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्याचं अपील ज्याच्याकडं गेलं त्याला काही ठिकाणी 'लवाद' लिहिलंय, काही ठिकाणी न्यायाधिकरण.

वकील, कराड:
रेमेडीला आपला शब्द तयार आहे, दाद. दाव्यात वादी जे मागतो ती दाद. सरकारनं क्रोम विकायची दाद मागितली, कोर्टानं ती दिली नाही, करार बंद करायची दाद दिली. झालं वाक्य. उपाय कशाला पाहिजे?

दुसरं, लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी आपल्या राजीखुशीनं नेमलेला पंच. कायद्यानं नेमलेलं असतं ते न्यायाधिकरण. स्पर्धा आयोगाच्या दंडावर अपील ऐकतं ते अपील न्यायाधिकरण, त्यानं मार्च २०२३ ला दंड कायम ठेवला, काही निर्देश काढून टाकले. तिथं लवाद लिहिणं चूक.

माहुलीकर:
वकीलसाहेब, कायद्यानं तुम्ही बरोबर. पण मग बच्छावत लवादाचं काय करायचं? कृष्णेच्या पाण्याचं भांडण मिटवायला १९६९ ला सरकारनं नेमलं ते न्यायाधिकरणच होतं ना, आणि सातारा-सांगलीतला एक शेतकरी दाखवा जो त्याला बच्छावत न्यायाधिकरण म्हणतो.

वकील, कराड:
नाही दाखवता येणार. आमचे वडील पण लवादच म्हणायचे.

तासगावकर:
मग पाण्याला लवाद, गुगलला न्यायाधिकरण. आमच्याकडनं पास.