मदत हवी आहे: शेजारच्या आजोबांच्या अंत्यविधीत खांदा द्यायचा आहे, नाही कसं म्हणू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दीड वर्षापासून नेदरलँड्सच्या पूर्व टोकाला, ट्वेंटे भागात राहतो. नोकरी हेंगेलोला, घर मात्र हाक्सबेर्खनच्या बाहेर शेतांमधे. सगळ्यात जवळचं घर २५० मीटरवर. राहायला आलो तेव्हा त्या घरातले आजोबा म्हणाले, "आता तुम्ही आमचे नोडनोआबर." मी हसून मान डोलावली. अर्थ नंतर कळला. नोआबर म्हणजे शेजारी, आणि नोडनोआबर म्हणजे अडीनडीला पहिला धावून येणारा. पूर्वी घरात मयत झालं की गावात निरोप देणं, मयताला कपडे घालणं, शवपेटी वाहणं ही सगळी शेजाऱ्यांची जबाबदारी असे. आता बरंचसं अंत्यविधीवाले करतात, पण आमच्या वस्तीत पेटी अजून शेजारीच उचलतात.

परवा आजोबा गेले. इथल्या कायद्याने सहा कामाच्या दिवसांच्या आत विधी उरकावा लागतो, तो सोमवारी आहे. काल त्यांचा मुलगा आला, कॉफी प्यायला आणि सहा जणांत माझं नाव धरलंय म्हणाला. विचारलं नाही, धरलंय! (बाकीचे पाचही सहा फुटांच्या वर, मी पाच फूट सहा इंच. पेटी कशी दिसेल देव जाणे.)

अडचण उंचीची नाही. बायकोला सातवा महिना आहे. सांगलीहून आईने बजावलंय, बायको गरोदर असताना नवऱ्याने खांदा द्यायचा नसतो. बायको म्हणते, "मी मानत नाही, पण उद्या बाळाला साधी सर्दी झाली तरी आई हेच काढतील." खरंय ते. आणि ज्या माणसाने पहिल्या हिवाळ्यात न सांगता आमच्या रस्त्यावर बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकलं, त्याला नाही म्हणायचं?

वर दोन महिन्यांनी बाळ झालं की हीच मंडळी क्रेंटेवेखे, म्हणजे मनुकांचा लांबलचक पाव, शिडीवर ठेवून वाजतगाजत आणणार. तो कुठल्या तोंडाने घेऊ? कारण खरं सांगावं की पाठदुखी सांगावी?

प्रतिसाद:
पाठदुखी अजिबात नको. मी ११ वर्षं ट्वेंटेच्या शेजारच्या आख्टरहुक भागात आहे, तिथेही हीच रीत. डच माणसाला सरळ कारण दिलं की विषय संपतो, खोटं उघडं पडलं तर मात्र संपत नाही. आजच जा, म्हणजे त्यांना सहावा माणूस शोधायला वेळ मिळेल. आणि नुसतं नाही म्हणून परत येऊ नका, दुसरं काम मागून घ्या. त्यांच्याकडे जनावरं आहेत का? सगळं घर विधीला गेल्यावर ती कोण बघणार, हे विचारा. ते जमणारं नसेल तर गाड्या लावायला उभे राहा.

मूळ प्रश्नकर्ता:
जाऊन आलो. खरं कारण सांगितलं. मुलगा म्हणाला, त्याच्या आजीचंही असंच काहीतरी होतं, गरोदर बाईला मयताच्या घरी जाऊ देत नसे. सोमवारी माझ्याकडे वासरांना दूध पाजायचं काम आलंय, रविवारी संध्याकाळी शिकवणार आहे. बूट त्यांचेच, ४५ नंबरचे. कुणाला आत दोन मोजे घालून चिखलात चालायचा अनुभव आहे का?