मदत हवी आहे: गरम पाण्याचा हीट पंप सारखा चालू-बंद होतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, घरात सात माणसं. गच्चीवर हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) आणि २०० लिटरची टाकी आहे, सेटिंग ५५ अंश. पूर्वी पहाटे सुरू झाला की दीड-दोन तास सलग चालून थांबायचा. दिवाळीपासून मात्र चार मिनिटं चालतो, बंद पडतो आणि पाच-सहा मिनिटांत परत खट् करून सुरू. काल पहाटे घड्याळ घेऊन शेजारी बसलो, तासात सहा वेळा! इतक्या वेळा सुरू होऊन कॉम्प्रेसर लवकर जाईल ही धास्ती आहेच, पण खाली आईची खोली आहे, तिची झोप मोडते याचं जास्त वाईट वाटतं.

सर्व्हिसवाला आला आणि प्रेशर न बघताच गॅस भरायला निघाला. मी थांबवलं.

पॅनेलवर डिफरन्शियल २ अंश आहे, म्हणजे ५३ ला सुरू, ५५ ला बंद. पण कुणी नळ सोडलेला नसताना २०० लिटर पाणी पाच मिनिटांत २ अंश गार कसं होईल? तापमान मोजणारा सेन्सर टाकीच्या खिशातून (तो बसवतात त्या खाचेतून) सरकला असेल का? की बोअरच्या जड पाण्याने एक्स्चेंजरमध्ये (जिथे गॅसची उष्णता पाण्याला मिळते) क्षार साचून पाण्याचा प्रवाह कमी झाला आणि गॅसचं प्रेशर फार वाढून पंप आपोआप बंद पडतोय (ट्रिप होतोय)? गाळणी काढली तेव्हा पांढरी खपली निघाली होती.

आधी डिफरन्शियल ५-६ करून बघू, की डिस्केलिंग (साचलेले क्षार काढणं) करून घेऊ? कुणी हे स्वतः निस्तरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.